टाचणातला तास आणि मैदानावरचा तास

हालचालींची कौशल्ये शिकवणाऱ्या पाठाचे नियोजन : एक आढावा

विरार स्टेशनवरून अर्नाळ्याच्या वाटेला लागले की समुद्राच्या थोडे अलीकडे आगाशी येते. जुलैच्या सकाळी इथल्या शाळेच्या मैदानावर घोटाभर पाणी असते. वेळापत्रकात मात्र तिसरी तासिका 'शा. शि.' अशीच छापलेली असते आणि शिक्षकाच्या टाचण वहीत त्या दिवसाचा घटक लिहिलेला असतो : 'चेंडू झेलणे'. मग पाठ पडवीत होतो, वर्गात होतो, नाहीतर ती तासिका गणिताच्या पदरात पडते. पाऊस उघडल्यावरही टाचण आणि मैदान यांच्यातले अंतर संपत नाही. हालचालींची कौशल्ये शिकवण्यासाठी पाठ कसा आखावा, याबद्दल शिक्षक, प्रशिक्षण महाविद्यालये आणि अभ्यासक यांच्यात गेली काही दशके जी चर्चा चालू आहे, ती कुठवर आली आहे हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न नेमका कोणता

इतिहासाच्या तासाला पन्नास मुले एकच गोष्ट एकाच वेळी ऐकू शकतात. झेल मात्र प्रत्येकाला स्वतःच घ्यावा लागतो. दुसऱ्याने घेतलेला झेल पाहून थोडे कळते, पण हाताला येत नाही. त्यामुळे या पाठाच्या नियोजनात एक हिशेब अटळ असतो : कोणाला किती वेळा करायला मिळाले?

उदाहरणादाखल 35 मिनिटांची तासिका घेऊ. वर्गातून मैदानावर येणे, रांगा आणि हजेरी यात 7 मिनिटे जातात, उत्तेजक व्यायामात 5, समजावणे आणि प्रात्यक्षिक यात 6, समारोप आणि वर्गात परत जाणे यात 5. सरावाला 12 मिनिटे उरली. मुले 50, चेंडू 2, म्हणजे पंचवीसच्या दोन रांगा. एका झेलाला 15 सेकंद धरले तर रांग एकदा पुरी व्हायला सव्वासहा मिनिटे लागतात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दोन झेलही पुरे येत नाहीत. त्याच मैदानावर, त्याच वेळात चिंध्यांचे दहा चेंडू करून पाच-पाच मुलांचे दहा गट केले, तर प्रत्येकाला नऊ वेळा झेलायला मिळते.

पाठाच्या टाचणात सहसा दोन रकाने असतात, 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती'. डावा रकाना भरगच्च असतो. उजव्यात पुष्कळदा एकच ओळ पुन्हा पुन्हा येते : विद्यार्थी सूचनेप्रमाणे कृती करतात. पुढे येणाऱ्या सगळ्या भूमिकांमधला मतभेद खरे तर या उजव्या रकान्यात काय लिहावे याबद्दलचा आहे.

पार्श्वभूमी : तालीम, कवायत आणि टाचण

महाराष्ट्रात शरीर घडवण्याच्या शिक्षणाला दोन जुने प्रवाह आहेत. पहिला तालमीचा. तिथे लिखित नियोजन नव्हते, पण क्रम होता. नव्या पोराला आधी जोर आणि बैठका, मग जोडीदाराबरोबर एकेक डाव. वस्तादाची नजर प्रत्येकावर वेगळी. दुसरा प्रवाह इंग्रजी अमदानीत शाळांत आलेल्या कवायतीचा. एक हुकूम, सगळ्यांची एकच हालचाल, एकाच क्षणी. तालमीत कौशल्य व्यक्तीप्रमाणे शिकवले जाई, पण मुले मोजकी असत. कवायतीत शेकडो मुले सामावत, पण व्यक्ती रांगेत विरघळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या दोहोंची सांगड घालणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 चे. 1914 मध्येच पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवण्यासाठी समिती नेमली. अंगणातला खेळ नियमांत बसला आणि म्हणून शाळेत शिकवण्याजोगा झाला. पुढे मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली आणि 1938 साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आगाशीकरांच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. विरारहून चर्चगेटकडे निघालेली गाडी कांदिवलीवरूनच जाते.

शिक्षक तयार करायचे तर पाठाचा साचा हवा. तो अध्यापनशास्त्रातून आला. हर्बार्टच्या पंचपदीची सवय झालेल्या प्रशिक्षणात शारीरिक शिक्षणाचा पाठही पायऱ्यांत बांधला गेला : उत्तेजक व्यायाम, शिस्तीचा किंवा औपचारिक भाग, कौशल्याचा मुख्य भाग, मनोरंजनाचा भाग आणि समारोप. बी.पी.एड.च्या सराव पाठांत हा साचा आजही ओळखीचा आहे. त्याचे बळ असे की नवखा शिक्षक मैदानावर गोंधळत नाही. उणीव अशी सांगितली जाते की पाच भागांत विभागलेल्या तासात मुख्य भागाला एखाद्या पाहुण्याइतकीच जागा मिळते.

स्वातंत्र्यानंतर भर बदलत राहिला. 1954 मध्ये जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली आणि कवायतीला नवी प्रतिष्ठा आली. कोठारी आयोगाने (1964–66) शारीरिक शिक्षण म्हणजे केवळ कवायत किंवा तंदुरुस्ती नव्हे, असे मांडले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण सक्तीचा विषय मानला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषय आणि 'सहशालेय उपक्रम' यांच्यातली भिंत काढण्याची भाषा केली. बालभारतीच्या प्राथमिक पुस्तकाचे 'खेळू, करू, शिकू' हे नावच या बदलाची दिशा सांगते. धोरणात विषय वर गेला. तासिकेची मिनिटे मात्र तेवढीच राहिली.

हालचालींची कौशल्ये म्हणजे काय

अभ्यासक मूलभूत कौशल्यांचे साधारण तीन गट करतात. जागा बदलणारी : धावणे, उडी, लंगडी, सरपट. जागेवरची : वाकणे, वळणे, तोल सांभाळणे. आणि वस्तू हाताळणारी : फेकणे, झेलणे, लाथ मारणे, फटका मारणे. अमेरिकेत डेव्हिड गॅलाह्यू यांच्या लेखनातून ही मांडणी रूढ झाली. डेल उलरिच यांनी 1985 साली मुलांची कौशल्ये तपासण्याची एक कसोटी तयार केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत 13 कौशल्ये आहेत, 6 जागा बदलणारी आणि 7 चेंडूची. ही कसोटी चेंडू किती लांब गेला हे विचारत नाही. तो कसा फेकला हे पाहते.

दगड फेकणारे कोणतेही पोर पाहावे. शिकाऊ मूल समोर तोंड करून, पाय न हलवता, फक्त हाताने फेकते. थोडे पुढे गेलेले मूल उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकते. पक्के फेकणारे मूल अंग आडवे करते, डावा पाय पुढे टाकते, कंबर आणि खांदा वळवते आणि हात फेकीनंतरही पुढे वाहू देते. झेलातही तेच. आधी चेंडू छातीशी कवटाळला जातो. पुढे हात चेंडूकडे जातात आणि केवळ पंजे त्याला धरतात.

एका मुद्द्यावर आता बरेच एकमत आहे : या पायऱ्या निव्वळ वय वाढल्याने चढल्या जात नाहीत. संधी, सराव आणि मार्गदर्शन लागते. 2008 मध्ये स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रारूपाने त्यात एक दुवा जोडला. ज्याला हालचाल जमते ते मूल अधिक खेळते आणि अधिक खेळल्याने त्याला अधिक जमते. ज्याला जमत नाही ते बाजूला सरते आणि आणखी मागे पडते. प्राथमिक शाळेतला हा तास म्हणूनच महत्त्वाचा. मतभेद सुरू होतात ते तो कसा भरावा यावर.

पहिली भूमिका : आधी कृती, मग खेळ

महाराष्ट्रातल्या शाळांत ही भूमिका सर्वाधिक रुजलेली आहे. कौशल्याचे भाग पाडावेत, प्रात्यक्षिक दाखवावे, चुका सुधाराव्यात, भाग जोडावेत आणि शेवटी खेळात वापरावेत. खो-खो शिकवायचा तर आधी पाटीत बसण्याची पद्धत, पायांची ठेवण, उठणे, खो देणे, खांबाला वळसा, हे एकेक करून. सामना शेवटच्या पाठात.

या भूमिकेला आधार आहे. फिट्स आणि पॉस्नर यांनी 1967 मध्ये शिकण्याचे तीन टप्पे सांगितले : समजून घेण्याचा, जुळवून घेण्याचा आणि आपोआप होण्याचा. पहिल्या टप्प्यावरच्या मुलाला थोडक्या, स्पष्ट सूचना आणि स्वच्छ प्रात्यक्षिक उपयोगी पडते. पन्नास मुलांच्या वर्गात सुरक्षितताही राहते. जिथे चूक म्हणजे दुखापत, तिथे, म्हणजे मल्लखांबावर किंवा उंच उडीत, टप्प्याटप्प्याने जाण्याला पर्याय नाही, हे इतर भूमिकांचे समर्थकही मानतात.

आक्षेप सरावाच्या रचनेवर आहे. शिया आणि मॉर्गन यांच्या 1979 च्या प्रयोगात एकच कृती सलग करणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी चांगली दिसली. कृती आलटून-पालटून करणारे मात्र नंतर घेतलेल्या चाचणीत पुढे होते. म्हणजे तास संपताना दिसणारी प्रगती हीच शिकणे असे नाही. अर्थात प्रयोगशाळेतला हा निष्कर्ष लहान मुलांच्या मैदानावर तितक्याच जोराने दिसत नाही. अगदी नवख्या मुलांना काही काळ एकच कृती सलग करू द्यावी, असे अनेक जण सुचवतात.

दुसरी भूमिका : आधी खेळ, मग कृती

इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प यांनी 1982 मध्ये क्रम उलटा केला. त्यांचे निरीक्षण आपल्याही शिक्षकांच्या ओळखीचे आहे : मुलांना कृती येतात, पण ती कधी वापरायची ते सामन्यात कळत नाही. आणि तासभर त्यांचा एकच प्रश्न असतो, 'सर, खेळायचं कधी?' म्हणून आधी लहान, सोपा केलेला खेळ द्यावा, त्यात अडचण जाणवू द्यावी, प्रश्न विचारावेत आणि गरज पटल्यावर कृती शिकवावी.

खो-खोचेच पाहू. आखूड पाटीवर पाच-पाच मुलांचा खेळ सुरू करावा. तीन मिनिटांनी थांबवून विचारावे, 'पळणारा नेमका कुठे सुटतो?' पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे पळणारा हुलकावणी देऊन निसटतो, हे मुले स्वतः सांगतात. मग खो लवकर देणे आणि बसताना उठण्याची तयारी ठेवणे यांचा सराव अर्थपूर्ण होतो. उजव्या रकान्यात आता 'कृती करतात' याऐवजी 'ठरवतात' असे क्रियापद येते.

आक्षेप दोन. एक, ज्याला चेंडू धरताच येत नाही त्याला डावपेचाचा प्रश्न विचारून काय मिळणार? दोन, या पद्धतीत शिक्षकाला खेळ खोलवर माहीत असावा लागतो; प्राथमिक शाळेत पुष्कळदा वर्गशिक्षकच हा तास घेतात. शिवाय या विचाराने केलेले खेळांचे चार गट, म्हणजे आक्रमणाचे, जाळी-भिंतीचे, फटका-क्षेत्ररक्षणाचे आणि लक्ष्यवेधाचे, आपल्या शिवाशिवीच्या कुळातल्या खेळांना सहज जागा देत नाहीत. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. निर्णय घेण्यात दुसरी पद्धत काही वेळा सरस दिसते. कृतीच्या सफाईत कोणतीच एक ठामपणे जिंकत नाही.

तिसरी भूमिका : सूचना कमी, परिस्थिती बदला

तिसरा विचार सांगतो की योग्य हालचालीचा एकच नमुना नसतो. 1920 च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली नोंदवल्या. घाव अचूक पडे, पण हाताचा प्रवास दर वेळी थोडा वेगळा असे. कार्ल न्यूवेल यांनी 1986 मध्ये मांडले की हालचाल तीन गोष्टींच्या मर्यादांतून घडते : करणाऱ्याचे शरीर, भोवतालची परिस्थिती आणि दिलेले काम. शिक्षकाने तोंडी सुधारणा करत बसण्यापेक्षा काम आणि परिस्थिती बदलावी. चेंडू मोठा आणि हलका करावा, लक्ष्य जवळ आणावे, अंतर कमी करावे. पाय पुढे न टाकता फेकणाऱ्या मुलासमोर एक आखलेली रेघ ठेवली आणि 'पलीकडे पाय टाकून फेक' एवढेच सांगितले, की 'विरुद्ध पाय पुढे' हे व्याख्यान वाचते.

मस्का मॉस्टन यांनी 1966 च्या पुस्तकात अध्यापनशैलींचा जो पट मांडला, त्यातले एक उदाहरण इथे जवळचे आहे. उडीसाठी दोरी आडवी न बांधता तिरकी बांधावी, एक टोक जमिनीशी आणि दुसरे कमरेएवढे. कुठून उडी मारायची ते मूल ठरवते. कोणी बाद होत नाही आणि प्रत्येकाला आपल्या बेताचे आव्हान मिळते. खर्च एका दोरीचा. दिव्यांग मुलांना सामावून घेण्याच्या चर्चेत ही दोरी आवर्जून आठवली जाते.

या भूमिकेवरचा आक्षेप नियोजनाचाच आहे. दर क्षणी पाहून बदलायचे तर टाचण कशाचे लिहायचे? तपासणीला येणारे अधिकारी काय वाचणार? समर्थक म्हणतात, टाचणात हुकूम लिहू नका, पर्याय लिहा : जमले तर काय कठीण करायचे, नाही जमले तर काय सोपे करायचे.

चौथी भूमिका : देशी खेळ पुरेसे आहेत

मराठी शिक्षकांतला एक मोठा वर्ग म्हणतो की हे सारे आपल्याकडे होतेच. लंगडीत एका पायाचा तोल आणि झेप आहे, लगोरीत नेमबाजी, विटीदांडूत फटका, आट्यापाट्यांत हुलकावणी, झिम्मा-फुगडीत ताल. साहित्य जवळजवळ फुकट, नियम मुलांना ठाऊक. वसईच्या पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, कोळी, ख्रिस्ती, आदिवासी अशी अनेक बोलींची आणि रीतींची मुले एका वर्गात येतात, आता त्यांत परप्रांतातून आलेल्या कुटुंबांचीही भर पडली आहे. त्यांना एकत्र आणायला खेळाइतके सोपे साधन दुसरे नाही.

यात तथ्य आहे, हे सगळेच मान्य करतात. मात्र खेळ म्हणून उत्तम असलेली गोष्ट पाठ म्हणून तशीच्या तशी चालतेच असे नाही. लंगडीत लंगडी घालते ते एकच मूल, बाकीची पळतात. आणि बहुतेक खेळांत बाद झालेला बाहेर बसतो. सर्वांत आधी बाद होते ते सर्वांत कच्चे मूल, म्हणजे ज्याला सराव सर्वांत जास्त हवा त्याला तो सर्वांत कमी मिळतो. यावर शिक्षकांनीच शोधलेली तोड साधी आहे : पळणाऱ्यांनाही लंगडीच घालायला लावणे, किंवा बाद झालेल्याने बाहेर न बसता साखळीत सामील होणे.

आगाशीसारख्या गावातले व्यवहार

कोणतीही भूमिका घेतली तरी काही गोष्टी तिच्यावर मर्यादा घालतात. पहिली पावसाची. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर मैदान भरवशाचे नसते, म्हणून वार्षिक नियोजनात तोल, ताल, जागेवरच्या हालचाली आणि चिंध्यांच्या चेंडूंचे झेल पावसाळ्यात घ्यावेत आणि धाव, लांब फेक, पाटीचे खेळ दिवाळीच्या आगेमागे आणावेत, असा क्रम अनेक शिक्षक पाळतात.

दुसरी मर्यादा साधनांची आणि माणसांची. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुले असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक अपेक्षिला आहे. त्याखालच्या इयत्तांना, म्हणजे कौशल्ये घडण्याच्या नेमक्या वयाला, अशी वेगळी तरतूद नाही.

तिसरी मर्यादा स्पर्धांची. डिसेंबरअखेर वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव भरतो; त्याशिवाय शालेय स्पर्धा असतात. त्या मुलांना आणि गावाला आनंद देतात, पण तयारीच्या महिन्यांत शिक्षकाचा वेळ निवडलेल्या बारा-पंधरा जणांकडे वळतो. पृथ्वी शॉसारखा विरारचा मुलगा 2013 साली हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत 546 धावा करतो, तेव्हा तालुक्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. अशी गुणवत्ता घडते ती शाळेबाहेरच्या तासन्तासांच्या सरावातून. शाळेचा तास मात्र उरलेल्या सर्वांचा असतो. ही दोन कामे एकाच शिक्षकाने कशी पेलावीत, यावर मतैक्य नाही.

मूल्यमापनाचा पेच

पाठ कसा आखला जातो हे शेवटी काय तपासले जाते त्यावर ठरते. खेलो इंडियाच्या चाचण्यांत पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनाच्या प्रमाणाबरोबर फ्लेमिंगो तोल आणि हात आलटून-पालटून तबकड्यांवर मारण्याची चाचणी आहे. चौथीपासून 50 मीटर धाव, 600 मीटर धाव किंवा चाल, पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर. हे आकडे नोंदवायला सोपे आणि सर्वत्र सारखे आहेत. पण ते क्षमता मोजतात. फेक कशी झाली, झेल कसा घेतला, हे त्यांत येत नाही. आकारिक मूल्यमापनात निरीक्षणाला जागा आहे, पण 50 मुलांचे निरीक्षण एका तासात कसे लिहावे हा प्रश्न उरतो. काही शिक्षक मॉस्टन यांच्या आणखी एका शैलीकडे वळतात : जोडीतले एक मूल करते, दुसरे दोन ठरलेल्या गोष्टी पाहून सांगते. यातून पाहणारेही शिकते, असा अनुभव सांगितला जातो. मुलांनी दिलेली नोंद गुणपत्रिकेसाठी ग्राह्य धरावी का, यावर दुमत आहे.

जुळलेले आणि न जुळलेले

चारही भूमिका शेजारी ठेवल्या तर जुळणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. रांगेत उभे राहण्याचा वेळ कमी व्हावा, साहित्य हातांच्या संख्येच्या जवळ जावे, एका पाठात एक-दोनच मुद्दे घ्यावेत आणि कच्च्या मुलाला सर्वांआधी बाहेर बसवू नये, याला कोणाचाच विरोध नाही.

न सुटलेले प्रश्न निराळे आहेत. नवखेपणाचा टप्पा कुठे संपतो आणि सराव केव्हा मिसळायचा, हे वयाने ठरवावे की प्रत्येक मूल पाहून? घामाघूम होण्याइतकी हालचाल आणि थांबून, पाहून शिकणे, दोन्ही 35 मिनिटांत हवे असेल तर कोणाला किती मिनिटे द्यायची? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचवते. त्यातला किती भार शाळेच्या तासाने उचलावा? वयात येणाऱ्या मुली मैदानापासून दूर होऊ लागतात, त्याला पाठाची रचना किती जबाबदार आणि घर-गाव किती? आणि वर्गशिक्षकाने घ्यायचा तास क्रीडाशिक्षकाच्या साच्यात लिहायलाच हवा का?

यांतला कोणताही प्रश्न टाचणातल्या डाव्या रकान्यात सुटणारा नाही. उजव्या रकान्यात 'सूचनेप्रमाणे कृती करतात' याऐवजी 'प्रत्येकाचे झेल : किमान 9' अशी नोंद येऊ लागली, तर निदान वाद मोजता येईल अशा जमिनीवर येईल. आगाशीत ती जमीन ऑक्टोबरात वाळते. तोवर पडवीत, चिंध्यांच्या चेंडूंनी, पाच-पाच जणांचे गट करता येतात.